देवाच्या दारची तक्रारवही

पवित्र शास्त्र मधोमध उघडले, तर बहुधा स्तोत्रसंहितेचेच पान समोर येते. जुन्या ख्रिस्ती घरातील शास्त्राची प्रत हातात घेऊन पाहिली, तर बाकीची पाने स्वच्छ असली तरी या पानांच्या कडा बोटांनी मळलेल्या दिसतात. मूल परीक्षेला निघाले, मुलगी सासरी निघाली, घरात कुणी आजारी पडले की हेच पुस्तक उघडले जाते. तेविसावे, मेंढपाळाचे स्तोत्र आणि एकशे एकविसावे, डोंगरांकडे डोळे लावणाऱ्याचे स्तोत्र, ही तर संडे स्कूलमधल्या लहान मुलांनाही पाठ असतात.

पण नीट पाहिले, तर मळलेली पाने फार थोडी असतात. दीडशे स्तोत्रांपैकी दहा-पंधरा पुन्हा पुन्हा वाचली जातात. उरलेल्यांकडे सहसा कुणी वळत नाही, आणि त्यालाही कारण आहे. देव झोपी गेला की काय, असे कुणी त्यांत विचारतो. कुणी रात्रभर रडून अंथरूण भिजवतो. कुणी शत्रूच्या मुलाबाळांना शाप देतो. देवापुढे हात जोडून म्हणावे असे हे शब्द नव्हेत, असे वाटून वाचणारा पान उलटतो.

या पुस्तकाचे हिब्रू नाव आहे ‘तेहिल्लीम’, म्हणजे स्तुती. आणि अभ्यासक सांगतात की यातील निदान एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. स्तुतीच्या पुस्तकात एवढ्या तक्रारी कशा? मिरजेच्या एका निवृत्त शिक्षिकेला हा प्रश्न वयाच्या बासष्टाव्या वर्षी पडला. त्याआधी त्यांनी शास्त्र वाचले नव्हते असे नाही. पण गरज पडेपर्यंत माणूस काही पानांवर थांबत नाही, हेच खरे.

बोलणे हरवले

गल्लीत सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात. चौतीस वर्षे त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवले. पती रेल्वेत गार्ड होते. मिरज जंक्शनवरून मालगाड्या घेऊन जाण्यात त्यांची उमर गेली. माणूस बोलका. ड्यूटीवरून आले की चहाच्या कपाबरोबर चार स्टेशनांच्या गोष्टी सांगणार. मुलगा पुण्याला नोकरीत स्थिरावला होता. रविवारी चर्च आणि संध्याकाळी घरची उपासना, असे निवृत्तीनंतरचे दिवस समाधानाने चालले होते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये एका पहाटे त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले आणि त्याबरोबर वाचाही गेली. समोरचे बोलणे त्यांना कळत असे, पण उत्तर देताना शब्द सापडत नसे. पाणी हवे असले तरी तोंडातून फक्त ‘हो, हो’ निघे. मग ते डावा हात कपाळावर मारून घेत.

त्यातच आणखी एक घाव बसला. निवृत्तीच्या पैशांतील चार लाख रुपये त्यांनी धाकट्या भावाला उसने दिले होते. भावाभावांतला व्यवहार, कागद केलेला नव्हता. औषधोपचारासाठी बाईंनी ते मागितले, तेव्हा दीर म्हणाले, “कसले पैसे, वहिनी? दादांना विचारा की.” दादांना विचारण्याची सोय राहिली नाही, हे त्यांना ठाऊक होते. व्यवहाराचा एकच साक्षीदार होता, आणि तो खाटेवर मुका होऊन पडला होता.

मंडळीतली माणसे भेटायला येत. फळे आणत, प्रार्थना करत. जाताना म्हणत, “बाई, देवाची इच्छा. सर्व गोष्टींत उपकार मानावे.” सांगणाऱ्यांचे मन चांगले होते. पण ते शब्द ऐकले की बाईंच्या पोटात गोळा उठे. उपकार कशाचे मानायचे? मनात एक आणि तोंडात एक असे त्यांना जमेना. वर्गात मुलांना खोटे बोलू नये म्हणून शिकवलेली ही बाई देवाशी खोटे बोलायला तयार नव्हती. त्यांनी प्रार्थनाच बंद केली. घरची उपासना थांबली.

एका रात्री एक स्तोत्र

३१ डिसेंबरच्या रात्री, चर्चची घंटा वाजत असताना, पतीने डाव्या हाताने कपाटाकडे खूण केली. तिथे शास्त्र होते. त्यांच्यासाठी म्हणून बाईंनी ते काढले. कुठून वाचावे कळेना, तेव्हा शिक्षिकेच्या सवयीने ठरवले की पहिल्यापासून क्रमाने वाचायचे. आवडीनिवडी नकोत. रोज रात्री एक स्तोत्र.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून वाचन सुरू झाले. तिसऱ्या दिवशीच तक्रार भेटली. सहाव्या दिवशी अश्रूंनी भिजलेले अंथरूण आले. तेराव्या दिवशी तर बाई वाचता वाचता थबकल्या. तेरावे स्तोत्र जेमतेम सहा ओव्यांचे आहे. त्याच्या सुरुवातीलाच ‘किती काळ’ हा प्रश्न देवाला एकदा नव्हे, चार वेळा विचारला आहे. गेले तीन महिने तोच प्रश्न बाई गिळून बसल्या होत्या. तो शास्त्रात छापलेला पाहून त्यांना धक्काच बसला.

पुढच्या रविवारी त्यांनी पाळकसाहेबांना गाठले.

“साहेब, देवाला असं बोललेलं चालतं का?”

“चालत नसतं बाई, तर ही पानं शास्त्रात राहिली असती का?” पाळकसाहेब म्हणाले. “आणि आपल्या प्रभूनं वधस्तंभावर कोणतं स्तोत्र म्हटलं, ते आठवा.”

बाईंना ते आठवले. मत्तय आणि मार्क या दोन्ही शुभवर्तमानांत ते आहे. बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभी देवाने का टाकले असा जो प्रश्न आहे, तोच प्रभू येशूने मरतेवेळी विचारला. शुभ शुक्रवारच्या उपासनेत हे वाक्य त्यांनी वर्षानुवर्षे ऐकले होते. पण ती एक तक्रार आहे, आणि तीही प्रार्थना म्हणून केलेली तक्रार आहे, हे मनाला कधी शिवले नव्हते. जे बोलण्याची प्रभूला लाज वाटली नाही, ते मिरजेच्या एका बाईने बोलायला लाजावे कशाला?

त्या रात्री त्यांना पतीचे एक जुने बोलणे आठवले. गाडी सहा तास उशिरा आल्यामुळे एका प्रवाशाने स्टेशनमास्तरांकडे तक्रारवही मागितली होती आणि पानभर लिहिले होते. बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, “केवढा भांडखोर माणूस!” त्यावर गार्डसाहेब हसून म्हणाले होते, “अगं, ज्याला पुन्हा गाडीत बसायचंच नाही, तो वही मागत नाही. तो गुपचूप एसटी पकडतो. वही मागणारा आपलाच प्रवासी असतो. वर कुणीतरी हे वाचणार आहे, असं त्याला वाटतं ना!”

म्हणजे तीन महिने आपण गुपचूप निघून गेलो होतो तर, असे बाईंच्या मनात आले. आणि ही स्तोत्रे लिहिणारे मात्र दारात उभे राहून वही मागत होते.

पाठ झालेले उरले

२३ जानेवारीला क्रमानेच तेविसावे स्तोत्र आले. बाईंनी पहिली ओळ वाचली आणि खाटेवरून आवाज आला. अस्पष्ट, ओढलेला, पण शब्द स्पष्ट ओळखू येत होते. पती पुढची ओळ म्हणत होते! ज्या माणसाला ‘पाणी’ म्हणता येत नव्हते, तो अख्खे स्तोत्र त्यांच्याबरोबर म्हणत गेला. संपल्यावर बाईंनी घाईघाईने विचारले, “अहो, बोला ना! काय हवंय?” पुन्हा तेच, ‘हो, हो.’

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावून सांगितले. बहुतेकांच्या मेंदूत शब्द शोधण्याचे आणि जुळवण्याचे काम डावी बाजू करते. तिथे इजा झाली की उजवे अंग दुबळे होते आणि बोलणे हरवते. पण लहानपणी घोकलेली प्रार्थना, पाढे, गाणी काही रुग्णांत शाबूत राहतात. ती नव्याने जुळवावी लागत नाहीत, सवयीने आपोआप येतात. यात चमत्कार नाही, असे डॉक्टर म्हणाले. बाईंनी मान डोलावली. पण साठ वर्षांपूर्वी संडे स्कूलच्या सतरंजीवर बसून एका पोराने घोकलेले स्तोत्र त्याला आज उपयोगी पडले, हे त्यांना चमत्काराहून कमी वाटले नाही. स्वतःचे शब्द संपतात तेव्हा दुसऱ्याने लिहून ठेवलेले शब्द कामाला येतात. स्तोत्रांचा उपयोग तरी दुसरा काय आहे?

हे शब्द मराठी माणसाच्या तोंडी बसावेत म्हणूनही कुणी आयुष्य वेचले आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. साध्यासुध्या, कमी शिकलेल्या बायकांना ते कळावे, हा त्यांचा हेतू होता. अखेरची वर्षे त्यांनी याच कामाला दिली. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. पाठोपाठ ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. त्यांचे भाषांतर १९२४ मध्ये पुस्तकरूपाने आले. विलापाची स्तोत्रे मराठीत आणणाऱ्या या बाईंना विलाप म्हणजे काय, हे कोशात पाहावे लागले नसेल.

देवाशी भांडणे मराठी मनाला नवे नाही. नामदेव, जनाबाई, तुकाराम यांनी विठ्ठलाला काय कमी सुनावले आहे? रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. अभंगांच्या सवयीच्या कानाला स्तोत्रांतली ही जवळीक परकी वाटत नाही. परक्याशी कुणी असे भांडत नाही.

शापांचे काय करायचे?

बाईंपुढे खरी अडचण आली ती शापांच्या स्तोत्रांची. फेब्रुवारीत पंचावन्नावे स्तोत्र झाले होते. शत्रूने नव्हे, तर जवळच्याच माणसाने दगा दिला याचे दुःख त्यात आहे. तेव्हा दोघांनाही एकच चेहरा दिसला, पण कुणी नाव घेतले नाही. १८ एप्रिलला एकशे नववे आले. त्यात खोट्या जिभेने बोलणारी माणसे आहेत, आणि भल्याची फेड बुऱ्याने झाल्याचे गाऱ्हाणे आहे. त्यामागून शाप येतात, आणि ते शत्रूच्या बायकामुलांपर्यंत जातात.

प्रेम करायला शिकवणाऱ्या ख्रिस्ताच्या अनुयायाने हे वाचावे कसे, हा प्रश्न पूर्वीपासून अनेकांना पडला आहे. रोमन कॅथलिक चर्चने १९७१ मध्ये दैनंदिन प्रार्थनांचे पुस्तक नव्याने लावताना अठ्ठावन्न, त्र्याऐंशी आणि एकशे नऊ ही तीन स्तोत्रे त्यातून वगळली. उलट, जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांचे मत वेगळे होते. हिटलरच्या राजवटीत, १९४० मध्ये, त्यांनी स्तोत्रांवर एक छोटे पुस्तक लिहिले. सूड माणसाने स्वतः न घेता देवाच्या हवाली करावा, म्हणून या प्रार्थना आहेत, असे त्यांनी सांगितले. १९४३ मध्ये त्यांना अटक झाली. रोज स्तोत्रे वाचण्याचा नेम त्यांनी तुरुंगातही मोडला नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आले. ज्याला खरोखरचे शत्रू होते, अशा माणसाचे हे म्हणणे आहे.

बाईंना बोनहोफर ठाऊक नव्हते. त्यांनी स्तोत्र चाळून पाहिले आणि पतीला विचारले, “अहो, हे सोडून देऊ या का?” पतीने जोराने मान हलवली. नाही. मग त्यांनी ते सगळे मोठ्याने वाचले. आवाज थरथरत होता. पतीची डावी मूठ आवळलेली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते. सहा महिन्यांत जी गोष्ट त्यांना कुणाला सांगता आली नव्हती, ती कुणीतरी त्यांच्या वतीने, शब्द न चोरता, सांगत होते.

वाचून झाल्यावर बाईंनी शास्त्र मिटले. म्हणाल्या, “आता हे त्याच्याकडे दिलं. आपण रोज उगाळायचं नाही.”

हे एका रात्रीत साधले असे कुणी समजू नये. राग पुन्हा पुन्हा आला. पण गल्लीत आणि नातेवाइकांत दिराची बदनामी करायची नाही, एवढे बाईंनी पाळले. मागणे मात्र सोडले नाही. पैसे आमचे आहेत, ते परत द्या, असे त्यांनी दिराला दोनदा तोंडावर सांगितले. क्षमा करणे म्हणजे हिशोब विसरणे नव्हे, असे त्यांचे मत आहे. ते पैसे आजवर परत आलेले नाहीत.

अंधारात संपणारे स्तोत्र

तक्रारीची बहुतेक स्तोत्रे शेवटी वळण घेतात. एकोणसत्तराव्यात पाणी गळ्याशी आलेल्या माणसाची हाक आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीचे हाल जवळून पाहिलेल्या बाईंना ती हाक चांगलीच कळली. पण ते स्तोत्रही अखेरीस स्तुतीकडे जाते. अठ्ठ्याऐंशीवे मात्र जात नाही. ते अंधारात सुरू होते आणि अंधाराचे नाव घेऊनच संपते.

ते वाचण्याची पाळी आली २८ मार्च २०२० रोजी. टाळेबंदी लागून चार दिवस झाले होते. व्यायाम करून घ्यायला येणारा मुलगा येईनासा झाला होता. मुलगा-सून पुण्यात अडकले होते. फोनवर मुलगा म्हणाला, “आई, आज काहीतरी धीर देणारं वाच ना!” बाई म्हणाल्या, “नाही रे. आज हेच आहे. आणि आज हेच बरोबर आहे.”

धीर देण्याची घाई करणाऱ्या माणसांहून त्या रात्री हे स्तोत्र त्यांना जवळचे वाटले. प्रत्येक दुःखाचा शेवट गोड करून दाखवण्याची सक्ती शास्त्रानेही केलेली नाही. मात्र त्या अंधारातही बोलणारा देवाशीच बोलतो आहे. तोंड फिरवून बसलेला नाही. विश्वासाचा तेवढाच धागा काही दिवस हाती असतो, आणि तेवढा पुरतो.

मग स्तुती कुठून आली?

एकशे एकोणिसावे स्तोत्र सर्वांत मोठे, १७६ ओव्यांचे. त्याला आठ दिवस लागले. जूनच्या सुरुवातीला दीडशे स्तोत्रे पुरी झाली. शेवटची पाच स्तोत्रे निव्वळ स्तुतीची आहेत. अखेरच्यात तर शिंग, वीणा, डफ, झांजा असा वाद्यांचा नुसता गजर आहे. तक्रार औषधालाही नाही.

ख्यातनाम ब्रिटिश लेखक सी. एस. लुईस यांनी १९५८ मध्ये स्तोत्रांवर एक पुस्तक लिहिले. देव स्वतःची स्तुती मागतो, हे एके काळी आपल्याला खटकत असे, असे त्यांनी त्यात प्रांजळपणे सांगितले आहे. पुढे त्यांच्या ध्यानात आले की माणसाला जे मनापासून आवडते, त्याची तारीफ केल्याशिवाय त्याला राहवतच नाही. चांगला आंबा खाल्ला की शेजाऱ्याला सांगावेसे वाटते, तसेच हे आहे. स्तुती ही आनंदाची पूर्तता आहे. देवाला त्याची गरज असते, असा तिचा अर्थ नाही.

बाईंच्या घरी ही पूर्तता अगदी साध्या रीतीने झाली. पती कधी बरे झाले नाहीत. पण काठी घेऊन ते अंगणापर्यंत जाऊ लागले. एका संध्याकाळी पावसाची सर आली, मातीचा वास सुटला आणि ते दारात उभे राहून एकशे तिसऱ्या स्तोत्राची सुरुवात पुटपुटू लागले. तेही लहानपणचे पाठ होते. ती उपकारांची आठवण देणारी प्रार्थना होती. ‘उपकार माना’ म्हणून सांगायला या वेळी कुणी आले नव्हते. बाईंनी हातातले काम टाकले आणि त्यांच्याबरोबर म्हणू लागल्या. सगळी तक्रार सांगून झाली होती, म्हणून त्या स्तुतीत खोट राहिली नव्हती.

डिसेंबर २०२२ मध्ये गार्डसाहेब गेले. तेव्हा दीडशे स्तोत्रांचे सातवे आवर्तन चालू होते आणि वाचन आरोहणस्तोत्रांपर्यंत आले होते. एकशे विसाव्यापासून एकशे चौतिसाव्यापर्यंतची ही पंधरा स्तोत्रे यरुशलेमेची वाट चढणारे यात्रेकरू गात असत, असे मानतात. दफनविधीच्या वेळी पाळकसाहेबांनी विचारले, “तेविसावं वाचू ना, बाई?” बाई म्हणाल्या, “ते वाचाच. पण आधी तेरावं वाचा.” चार वेळा ‘किती काळ’ विचारणारे ते स्तोत्र शेवटच्या दोन ओव्यांत देवाच्या दयेवर विसंबते. तेवढ्या सहा ओव्यांत त्यांची तीन वर्षे मावत होती. माती द्यायला दीरही आले होते. बाईंनी त्यांना वाट करून दिली.

दुःखात सापडलेल्या माणसाला भेटायला जाताना, ‘आता देवाचे उपकार मान’ हे सांगण्याची घाई कुणी करू नये. स्तोत्रांचे पुस्तकही तशी घाई करत नाही. ते आधी त्याचे सगळे बोलणे ऐकून घेते, कडू बोलणेही. मग हळूहळू, दीडशे पायऱ्या चढवत, त्याला गाण्यापर्यंत नेते. आणि ज्याचा स्वतःचा शब्दच सुचेनासा झाला आहे, त्याच्या शेजारी बसून कुणी एक स्तोत्र मोठ्याने वाचले, तरी पुष्कळ झाले.